लिलावातली लाल काच आणि लाल खडे : बोली लावण्याआधी काय काय बघता?

रानजाई

नमस्कार मंडळी.

येत्या शनिवारी एक लिलाव आहे, घरबसल्या बोली लावता येते असा. त्यातल्या तीन लॉटांवर माझं मन बसलंय.

पहिला लॉट म्हणजे झाकणाचा उंच पेला. गडद लाल, अंगावर हरिण आणि झाडी कोरलेली. वर्णन 'बोहेमियन रूबी ग्लास, एकोणिसावं शतक'. दुसरा, गुलाबीकडे झुकणारा लाल जग, त्यावर पांढऱ्या मीन्याने काढलेली फुलं तोडणारी मुलगी. वर्णन 'मेरी ग्रेगरी'. तिसरा, सात मोठ्या लाल खड्यांचा ब्रोच. त्याच्या वर्णनात माणिक हा शब्दच नाही, 'लाल खडे, पिवळा धातू, व्हिक्टोरियन' एवढंच.

विचारायचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक लाल पेला घेतला होता. घरी आल्यावर खिडकीशी धरला तर काठाला नखाएवढा भाग पांढरा. आधी वाटलं टवका उडालाय, पण बोट फिरवलं तर काठ गुळगुळीत! म्हणजे काच जागेवर होती, फक्त लाल रंग निघून गेला होता. विकणाऱ्यांना कळवलं तर 'वर्णनात रूबी ग्लास लिहिलंय आणि ते बरोबर आहे' असं उत्तर आलं. फार वाईट वाटलं होतं. या वेळी नीट समजून घेऊनच बोली लावायची आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

भिंगधारी

रानजाईताई, तुमचा तो पेला बहुतेक अस्सलच असणार. फक्त तुम्ही समजत होता त्या जातीचा नव्हता.

लाल काच समोर आली की 'किती जुनी?' हे लोक आधी विचारतात. मी आधी बघतो की लाल नेमका कुठे आहे. त्याची तीन उत्तरं असतात आणि किमतीतला बराचसा फरक तिथेच असतो.

एक, काच मुळातच लाल. वितळलेल्या रसातच रंग, आरपार एकजीव. दोन, साध्या काचेवर लाल काचेचा थर. भट्टीवर काम चालू असताना पारदर्शक गोळ्यावर लाल रसाचा थर चढवतात आणि मग फुंकतात. तीन, साध्या काचेची वस्तू पूर्ण तयार झाल्यावर तिच्यावर तांब्याच्या क्षारांचा लेप लावून पुन्हा भाजतात. लेप धुतला की खाली काचेच्या पृष्ठभागात लाल रंग उतरलेला असतो. हा रंग कागदापेक्षाही पातळ.

तिसरी रीत फ्रीड्रिख एगरमान या माणसाची. उत्तर बोहेमियातलं हायडा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं नोव्ही बोर, हे त्याचं गाव. आधी त्याने चांदीपासून पिवळा रंग साधला आणि १८३२ मध्ये तांब्यापासून लाल. त्यानंतर त्या भागातल्या कारागिरांनी लाल पेल्यांचा नुसता सडा पाडला. कार्ल्सबाद, मारीएनबादसारख्या झऱ्यांच्या गावी औषधी पाणी प्यायला येणारे लोक आठवण म्हणून असा पेला घेऊन जात. कोणावर गावातल्या इमारती, कोणावर हरिणं. चाकावर धरून कोरलं की लाल पापुद्रा निघतो आणि खालची स्वच्छ काच चित्र होऊन दिसते. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने फिरत्या चाकाच्या कडेने हरणाच्या पोटावरचे केस काढलेत हे भिंगातून बघताना मला अजूनही भरून येतं.

तुमच्या पेल्याच्या काठावर ओठ, फडकं, फळीची कड असं घासून घासून तो पापुद्रा गेला. भाजलेला असल्याने तो पाण्याने जात नाही, घासण्याने जातो.

शनिवारच्या पेल्याबद्दल : कोरलेल्या रेघेची कड तिरक्या उजेडात बघायला मिळाली पाहिजे. थर असेल तर लाल काचेची जाडी पायरीसारखी दिसते. लेप असेल तर पायरी नसते, लाल एकदम संपतो. लिलावगृहाला लिहा, 'कोरलेल्या भागाचा जवळून फोटो आणि काठाचा वरून फोटो पाठवा'. चांगली लिलावगृहं पाठवतात.

नवखा_७

वाचतोय. एक बाळबोध शंका : रूबी ग्लासमध्ये सोनं असतं म्हणतात, ते खरं का? आणि असेल तर सोन्याच्या भावाने किंमत का ठरत नाही?

अम्लराज

नवखा, बाळबोध नाही, अगदी मुद्द्याची शंका आहे. असतं, पण सगळ्या लाल काचेत नाही. काचेला लाल करणारी मुख्य द्रव्यं तीन : सोनं, तांबं आणि सेलेनियम.

सोन्याची गोष्ट आधी, कारण ती मला सगळ्यात प्रिय आहे. सोनं नुसतं भट्टीत टाकून काच लाल होत नाही. मालकाने मूठभर नाणी वितळत्या रसात फेकली आणि काच लाल झाली, अशी दंतकथा फिरत असते. प्रत्यक्षात तसं केलं तर सोन्याचा गोळा तळाशी जाऊन बसेल. सोनं आधी अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवावं लागतं आणि ते द्रावण कच्च्या मालात मिसळावं लागतं. पहिल्यांदा थंड केलेली काच जवळजवळ बिनरंगी किंवा फिकट पिवळसर असते. ती पुन्हा तापवली की सोन्याचे अतिसूक्ष्म कण जमून येतात आणि डोळ्यांदेखत लाली चढते. कण नीट आकाराचे झाले तर माणकाचा रंग. जास्त तापवलं, कण मोठे झाले, तर काच गढूळ होते, तपकिरी-निळसर दिसायला लागते. म्हणून हे काम हातचं नि नजरेचं.

नेरी या इटालियन काचकाराच्या १६१२ सालच्या काचविद्येच्या ग्रंथात सोन्याच्या लालीचा उल्लेख आहे, पण ती काच भरवशाने काढून दाखवली योहान कुंकेल या जर्मन रसायनतज्ज्ञाने, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, त्याला १६८५ मध्ये पोट्सडामजवळचं मोरांचं बेट देऊन टाकलं, का तर त्याची रीत बाहेर फुटू नये म्हणून. तिथली काच आज निघाली तर संग्रहालयंच पुढे येतात.

हे सगळं का घडतं ते कळायला पुढे सव्वादोनशे वर्षं गेली. इंग्रज शास्त्रज्ञ फॅरेडेने १८५७ मध्ये सांगितलं की लाल द्रवातलं सोनं बारीक कणांच्या रूपात असतं. रिखार्ड झिग्मोंडी हा रसायनशास्त्रज्ञ जर्मनीतल्या येनाच्या काच कारखान्यात रंगीत काचेवर काम करत होता. तिथल्या माणिककाचेतले कण दिसावेत म्हणून त्याने वेगळाच सूक्ष्मदर्शक घडवला, आणि त्या वाटेवरच्या कामासाठी १९२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

आता भाव. सोन्याचं प्रमाण साधारण दहा हजारांत एक-दोन भाग. पाव किलोचा पेला धरा : त्यात पंचवीस ते पन्नास मिलिग्रॅम. थर चढवलेल्या काचेत त्याहूनही कमी. तेवढ्या सोन्यासाठी कोणी पेला घेत नाही. पैसे मोजायचे ते भट्टीवरच्या माणसाच्या अंदाजाचे आणि कोरणाऱ्याच्या हाताचे.

शुभ्रकमळ

+१. अम्लराज, ब्रिटिश म्युझियममधला लायकर्गसचा पेला राहिला की! चौथ्या शतकातला रोमन. समोरून उजेड पडला की हिरवा, आतून पडला की लालभडक. त्यातही सोन्या-चांदीचे सूक्ष्म कण आहेत. त्या कारागिरांना आपण काय केलंय ते बहुधा माहीत नव्हतं, पण हात चालला.

अम्लराज

अगदी. आणि तांबं-सेलेनियमबद्दल थोडक्यात, कारण लिलावात गल्लत इथेच होते. सोन्याची लाली गुलाबी-जांभळ्याकडे झुकते, पातळ भागात तर सरळ गुलाबी दिसते. तांब्याची तपकिरीकडे, सेलेनियमची नारिंगीकडे. सेलेनियमची काच रुळली ती विसाव्या शतकात. सिग्नलच्या भिंगांत ती, मॉस्कोतल्या क्रेमलिनच्या मनोऱ्यांवर १९३७ मध्ये बसवलेल्या ताऱ्यांतही तीच. त्यामुळे झगझगीत नारिंगी-लाल वाटी कोणी 'व्हिक्टोरियन' म्हणून मांडली की सावध व्हायचं. फोटोतल्या रंगावर मात्र निकाल देऊ नका. दिव्याच्या पिवळ्या उजेडात सगळंच नारिंगी दिसतं.

जुनं_कपाट

जगाबद्दल मी लिहितो. ताई, 'मेरी ग्रेगरी' हे त्या प्रकारच्या चित्रकामाचं नाव पडलंय, सही नव्हे. मेरी ग्रेगरी नावाची बाई खरोखर होती. अमेरिकेत बोस्टन अँड सँडविच या काच कारखान्यात ती रंगकाम करायची. पण ही पांढरी मुलं तिने रंगवल्याचा पुरावा नाही. असा बहुतेक माल बोहेमियातून आला, आणि नंतरच्या नकलाही पुष्कळ. म्हणून नावासाठी जास्त पैसे मोजू नका. चित्र बघा : चेहऱ्यावर भाव आहे का, पांढऱ्याच्या छटा दोन-तीन आहेत की एकच सपाट थर दिलाय. मुठीचा सांधाही बघा. ताण तिथेच बसतो आणि केसासारखा तडा तिथूनच सुरू होतो.

लिलावाच्या छापील वर्णनाची एक भाषा असते, ती पाठ करून टाका. 'अमुक कारागीर' म्हणजे लिलावगृह जबाबदारी घेतंय. 'अमुकचं मानलं जातं' म्हणजे त्यांचं मत. 'अमुकच्या शैलीत' म्हणजे कोणी, कधी केलं याची हमी नाही. 'बोहेमियन' आणि 'बोहेमियन शैली' यांत एका शब्दाचा फरक आहे आणि पैशांचा बराच. 'आहे त्या स्थितीत' दिसलं की कुठेतरी दुखणं आहे असं धरून चाला.

बुडाशी देशाचं नाव असेल तर तोही धागा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे येणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायला लागलं. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या आधीची वस्तू नाही, हे पक्कं. नाव नाही म्हणून मात्र जुनी ठरत नाही. कागदी चिठ्ठ्या पडून जातात.

आणि लिलावामुळे काच कशी जन्माला येते याची एक हकीकत सांगतो. १८८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेरी मॉर्गन या श्रीमंत विधवेचा संग्रह लिलावात निघाला. त्यातली पीचच्या सालीच्या रंगाची जेमतेम आठ इंची चिनी फुलदाणी १८,००० डॉलरला गेली. ती चिनी मातीची, काचेची नव्हे. वर्तमानपत्रांत त्या आकड्याचा एवढा गवगवा झाला की अमेरिकेतल्याच व्हीलिंगच्या हॉब्ज, ब्रॉकुनियर या कारखान्याने लगेच तशाच घाटाच्या काचेच्या फुलदाण्या काढल्या, वर गडद लाल आणि खाली पिवळसर, बसायला काचेचीच बैठक. मूळ फुलदाणी आज बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे आणि तिच्या त्या नकलांसाठी आज लिलावात चढाओढ चालते. ज्या वस्तू नक्कल म्हणून निघाल्या त्यांचाच स्वतंत्र मान झाला. मला हे फार सुंदर वाटतं.

नवखा_७

अतिनील टॉर्च मिळते ना हातात धरायची? ती मारली की जुनं-नवं, खरं-खोटं कळतं असं एका व्हिडिओत पाहिलं.

खडेपारखी

नवखा, टॉर्च ठेवा जवळ, पण ती उत्तर देईल असं समजू नका. हिरवी चमकते ती युरेनियमची काच, तिचा आपल्या लालीशी संबंध नाही. खड्यांत माणिक सहसा लाल उजळतं, गार्नेट हा दुसरा लाल खडा उजळत नाही, हा उपयोग आहे. पण प्रयोगशाळेत केलेलं माणिक खाणीतल्यापेक्षा जास्त उजळतं. टॉर्च पाहून हरखून जाणारे लोक नेमकं तेच घेऊन घरी जातात.

रानजाई, आता तुमचा ब्रोच. वर्णनात माणिक लिहिलं नाही हे लिलावगृहाच्या प्रामाणिकपणाचं लक्षण. लाल खडा म्हणजे काय काय असू शकतं ते बघा. माणिक, स्पिनेल (माणकासारखाच दिसणारा वेगळा खडा), गार्नेट, काच, आणि डबलेट, म्हणजे दोन थर जोडून केलेला खडा. राजेमहाराजेही यात फसलेत. ब्रिटिश राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' स्पिनेल आहे आणि 'तैमूरचं माणिक' हेही स्पिनेलच. त्या काळी माणिक आणि स्पिनेल एकच समजत. त्यामुळे जुन्या यादीत माणिक लिहिलंय म्हणून ते माणिकच, असं धरू नका.

व्हिक्टोरियन काळातल्या लाल खड्यांत बोहेमियाचं गार्नेट फार. बारीक बारीक खडे, एकमेकांना खेटून, लांबून डाळिंबाचे दाणे वाटावेत असे. तुमच्यात सातच खडे आणि मोठे, म्हणजे गार्नेट, काच किंवा डबलेट, तिन्ही शक्य.

डबलेट नीट सांगते, कारण यातही भिंगधारींचाच प्रश्न आहे : लाल कुठे आहे? एकोणिसाव्या शतकात गार्नेटची पातळ चकती रंगीत काचेवर वितळवून जोडायचे. वरचा पृष्ठभाग खऱ्या खड्याचा, म्हणून ओरखडे पडत नाहीत, चकाकी टिकते. खालचा सगळा रंग काचेचा. निळ्या काचेवर तीच चकती लावून नीलम करत, हिरव्यावर पाचू. ओळखायला सोपी युक्ती : पांढऱ्या कागदावर खडा उपडा ठेवायचा, म्हणजे तोंड खाली. डबलेट असेल तर खड्याच्या कडेभोवती लाल कडी दिसते. निळ्या-हिरव्यात ती चटकन दिसते, लालात जरा निरखावं लागतं. भिंगाखाली बाजूने पाहिलं तर चकती जिथे संपते तिथे चकाकीत फरक पडतो आणि जोडाच्या पातळीत बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात.

त्याहून जुन्या, अठराव्या शतकातल्या दागिन्यांत कोंदण मागून बंद असायचं आणि खड्याखाली रंगीत चकचकीत वर्ख. तिथे लाल असायचा वर्खात, खडा बिनरंगी काचेचासुद्धा असू शकतो. हे हलकं काम समजू नका. पॅरिसच्या श्ट्रास या जवाहिऱ्याने अठराव्या शतकात शिशाच्या काचेचे खडे इतके तेजाळ केले की दरबारी लोक ते मिरवत. असे जुने काचेचे खडे असलेले दागिने आज त्यांच्याच मोलाने विकले जातात. फक्त पाण्यात बुडवू नका कधी! ओल आत गेली की वर्ख काळवंडतो आणि मग उपाय नाही.

माणिक निघालंच तर एक साल लक्षात ठेवा : १९०२. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हेर्नोईने ज्वाळेत माणिक वाढवण्याची रीत त्या वर्षी जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत ते दागिन्यांत सर्रास आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या, अगदी अस्सल जुन्या अंगठीतही कारखान्यातलं माणिक असू शकतं. भिंगाखाली त्यात वक्र रेषा दिसतात. खाणीतल्या खड्यातल्या वाढीच्या रेषा सरळ असतात, कोन करून जाणाऱ्या.

तुम्ही लिलावगृहाला तीन फोटो मागा : ब्रोचची मागची बाजू, अडकवायची पिन आणि आकडा, आणि एका खड्याचा कडेने. कोंदण मागून उघडं आहे की बंद, ते आधी बघा. पिन साध्या आकड्यात जाते की फिरवून बंद होणाऱ्या कडीत? फिरती कडी विसाव्या शतकातली, पण ती नंतर बसवलेलीही असते, म्हणून तिच्या बुडाशी डाखाचा नवा डाग आहे का ते पाहा.

जुनं_कपाट

पैशांबद्दल एक आठवण. हातोडा ज्या आकड्यावर पडतो तेवढेच पैसे द्यायचे नसतात. वर खरेदीदाराचं कमिशन, ते कित्येक ठिकाणी हातोड्याच्या किमतीच्या पाव भागाइतकं असतं, मग त्यावर कर, ऑनलाइन बोलीचा आकार, बांधणी आणि वाहतूक. मी आधी सगळं धरून माझा शेवटचा आकडा काढतो, त्यातून हे वजा करतो आणि जे उरेल ते कागदावर लिहून समोर ठेवतो. रंगात आलेल्या लिलावात तोच कागद हात धरतो.

काच एका पेटीत कधी मागवू नका. पेटीत पेटी हवी, मधे चारी बाजूंनी भरण, आणि झाकण वेगळं गुंडाळलेलं.

भिंगधारी

झाकणावरून आठवलं. ताई, झाकण आणि पेला एकाच जोडीचे आहेत का ते विचारा. फुटलेल्या जोड्यांतली उरलेली झाकणं दुसऱ्या पेल्यांवर बसवून विकतात. कोरीवकामाची नक्षी, लाल रंगाची छटा आणि झाकणाची बैठक, तिन्ही जुळायला हवं. काठ घासून खाली आणलाय का तेही बघा : टवका काढायला काठ उतरवला की चित्राच्या वरची मोकळी पट्टी अरुंद होते, हरणाची शिंगं काठाला टेकल्यासारखी दिसतात. बुडाची झीजही बघायची. खरी झीज टेकणाऱ्या कडेवरच असते आणि वेड्यावाकड्या बारीक ओरखड्यांची. सगळ्या बुडावर एका दिशेने ओरखडे असतील तर ते कोणीतरी मुद्दाम ओढलेत.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. लिलाव झाला, म्हणून लिहायला बसले.

मंगळवारी फोटो मागितले, गुरुवारी आले. पेल्याच्या अंगावर भिंगधारी म्हणाले तसंच : पायरी नाही, लाल एकदम संपतो. म्हणजे एगरमानच्या रीतीचा लेप. पण झाकणाच्या बुंध्याशी एक लहान टवका होता आणि टवक्याच्या आतही काच लालच! झाकण रसातच लाल आणि पेला लेपाचा. शिवाय झाकणावर द्राक्षाची पानं, पेल्यावर देवदाराची झाडं. विचारलं तर लिलावगृहाने वर्णनात 'झाकण जोडीचं नसावं' अशी भर घातली. मी झाकण नाहीच असं धरून आकडा लिहिला आणि त्यावर थांबले. पेला दुसऱ्या कोणाला गेला. हरिण फार देखणं होतं.

जगाच्या मुठीशी तडा निघाला, तो सोडला.

ब्रोच मिळाला. पिनेचा आकडा साधा आहे, फिरती कडी नाही, कोंदण मागून उघडं. काल सकाळी खिडकीत पांढरा कागद पसरला आणि ब्रोच उपडा ठेवला. पिन मधे येत होती म्हणून कागदाची घडी घालून उंची केली. सातपैकी पाच खड्यांभोवती काही नाही. उजवीकडच्या दोघांभोवती केसाएवढी लाल कडी आहे. भिंगातून कडेने पाहिलं तर त्या दोघांत बुडबुड्यांची एक ओळ दिसते, एका पातळीत.

खडेपारखी, हे दोन डबलेट नंतर बदलून बसवलेले असतील की मुळापासूनच असे मिसळलेले?

खडेपारखी

त्या दोन खड्यांच्या कोंदणाच्या नख्या बाकीच्यांशी ताडून बघा. नख्यांची टोकं जास्त चपटी झालेली, दाबलेली किंवा फाईलने घासलेली असतील तर खडे नंतरचे. सातही ठिकाणी सारखीच झीज असेल तर बनवणाऱ्याने तसेच बसवले, कारण त्या काळी कारागिराच्या डबीत अख्खे खडे आणि डबलेट शेजारी शेजारी असत. नख्यांचा फोटो इथे टाकता का, दिवसाउजेडी काढलेला?